हिरवा दिवा आणि पुसलेला एक्स-रे

रुग्णालयाच्या तळघरातली सर्व्हरची खोली सव्वीस वर्षं सांभाळणाऱ्या माणसाला सगळे थर्मामीटर म्हणत. खोलीतला एसी गळका, म्हणून तो दर तासाला तापमान वहीत लिहायचा, त्यावरून. त्याचा पारा चढायला फार वेळ लागत नसे, हे दुसरं कारण.

आता ही खोलीच बंद व्हायची होती. रुग्णांचे रिपोर्ट, एक्स-रे, सगळं क्लाउडवर, एखाद्या कंपनीच्या आभासी डेटा सेंटरमध्ये जाणार होतं. यंत्रं त्यांची, देखभाल त्यांची. आपण फक्त वापरायचं. निवडीसाठी समिती नेमली गेली. समितीनं गृहीत धरलं की थर्मामीटर आडवा येणार. जुना माणूस, खोलीत जीव अडकलेला. वास्तविक क्लाउडवर चला असं सांगणारी चार पत्रं सहा वर्षांत त्यानंच धाडली होती. त्या खोलीचा त्याच्याइतका तिटकारा कुणालाच नव्हता. बाकीच्यांना तो येण्याचा प्रश्न नव्हता, कारण ते तिथं कधी उतरलेच नव्हते.

समितीनं तीन कंपन्यांतली एक पसंत केली. तिचा संगणकावरचा पडदा देखणा होता. वर भला मोठा हिरवा दिवा, खाली अक्षरं: सर्व सुरळीत. प्रशासक साहेबांना तो दिवा इतका भावला की त्याचा फोटो त्यांनी मेव्हण्यालाही पाठवला. शिफारशीवर थर्मामीटरची सही तेवढी राहिली होती. ती नियमानं लागायची; उद्या काही बिनसलं तर बोट दाखवायला कुणीतरी हवाच.

त्यानं कराराचा गठ्ठा घरी नेला. जेवताना तरी ते बाजूला ठेवा, असं बायको म्हणाली. त्यानं ठेवलं नाही, आणि एक्केचाळिसाव्या पानावर ताटच बाजूला सारलं. यंत्रं चालू ठेवणं कंपनीकडे. आतल्या माहितीच्या राखीव प्रती काढणं ग्राहकाकडे. म्हणजे त्याच्याकडे, आणि त्याच्याकडे तर दोन महिन्यांनी खोलीही उरणार नव्हती.

दर शनिवारी राखीव प्रतींमधून कुणाही एका रुग्णाची फाईल परत आणून बघायची, हा त्याचा शिरस्ता. प्रत काढली म्हणजे ती आहे, असं तो मानत नसे. परत आली तर आहे. समितीच्या बैठकीआधी त्यानं कंपनीच्या चाचणीच्या जागेत स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे ठेवला. बैठकीत सगळ्यांदेखत तो पुसला आणि कंपनीच्या प्रतिनिधीकडे वळून म्हणाला, ‘‘आणा परत.’’

प्रतिनिधी गोड हसला. ‘‘सर, तुम्हीच पुसलात ना? मग आमच्या सेवेत बिघाड कुठे आहे? दिवा बघा, हिरवाच आहे.’’

दिवा खरोखरच हिरवा होता.

थर्मामीटरच्या कानशिलापाशी शीर उडायला लागली. आवाज मात्र खालीच राहिला. ‘‘उद्या टेबलावर माणूस कापून ठेवलाय आणि त्याचा एक्स-रे सापडत नाहीये. सर्जनला काय सांगू? दिवा हिरवा आहे?’’

प्रशासक साहेबांनी त्याला अडवणूक थांबवायला सांगितलं. नव्या गोष्टींची काही जणांना धास्तीच असते, असंही ते छताकडे बघत म्हणाले. त्यानं चार पत्रांची आठवण दिली. साहेबांना एकही आठवेना.

समितीत हाडांच्या सर्जनबाई होत्या. इतका वेळ मोबाईलमध्ये बुडालेली मान त्यांनी वर काढली, एकदा दिव्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘दुसऱ्या कंपनीला बोलवा.’’

दुसरीचा पडदा राखाडी, कळकट. करारात मात्र प्रती काढणं आणि परत आणणं, दोन्ही तिच्याकडे होतं. थर्मामीटरनं तिच्याकडेही तोच एक्स-रे ठेवला आणि पुसला. तिच्या माणसानं तो परत आणायला वीस मिनिटं मागितली आणि चाळीस घेतली. पण आला.

‘‘वीस म्हणाला होतात,’’ थर्मामीटर म्हणाला, आणि सर्जनबाईंनी निवडलेली दुसरी फाईल पुसून टाकली. या खेपेला सतरा लागली. मग त्यानं या कंपनीच्या नावाची नवी शिफारस लिहायला लावली, तिच्यात स्वतःच्या हातानं अट घातली की दर शनिवारी आम्ही मागू ती एक फाईल परत आणून दाखवायची, आणि खाली सही ठोकली.

बाहेर पडताना साहेबांनी आपुलकीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘अहो, क्लाउडला तुमची ना नव्हती तर आधी नाही का बोलायचं? सहा वर्षं फुकट गेली.’’

थर्मामीटरनं तो हात खांद्यावरून उचलला, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा साहेबांच्या बाजूला सोडला, आणि तळघराचा जिना उतरला.