क्षमस्व सर, विमान भरलेलं आहे

गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानतळावर मी एका स्वस्त विमान कंपनीच्या काउंटरवर नोकरीला होते. माझ्या वडिलांना विमानात बसू न देणं हा त्या नोकरीचाच भाग होता आणि मी तो चोख पार पाडत होते.

यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना कंपनी जवळपास फुकट नेत असे, पण काउंटर बंद झाल्यावर एखादी सीट उरली तरच. आणि सीट उरू द्यायची नाही, यावरच तर कंपनीचा सगळा धंदा चालायचा.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला हेच शिकवलं होतं. विमान जमिनीवर असलं की खातं, आकाशात असलं की कमावतं. जे विकता येतं ते फुकट देऊ नका. पाणी विका, खिडकी विका, पाय लांब करायची जागा विका. आणि ग्राहकाला कधीही ‘नाही’ म्हणू नका. आधी ‘क्षमस्व’ म्हणा, मग हसा, मग नाही म्हणा. घरी येऊन मी हे सगळं बाबांना समजावून सांगितलं. बाबा धानाचे शेतकरी. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे काळी-पिवळीचाच धंदा हाय. फक्त डायवर इंग्रजीत बोलते.”

आमची बांधी, म्हणजे धानाचं वावर, विमानतळाच्या भिंतीला लागून आहे. विमान चालवायला शिकणाऱ्या मुलांची छोटी विमानं वर्षानुवर्षं बाबांच्या डोक्यावरून जात आलेली. रोवणीच्या चिखलात उभे राहून ते वर बघायचे आणि चिडायचे. “त्या पोट्ट्यायनं माही बांधी रोज वरून पाहिली. मीच नाही पाहिली.” आमचं विमान हैदराबादला जायचं. तिथे माझा चुलतभाऊ राहतो, पण बाबांना ना हैदराबादचं कौतुक होतं ना त्याचं. त्यांना फक्त एकदा वर जाऊन आपलं वावर बघायचं होतं. एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितली, आणि ती माझ्या हातात असूनही माझ्या हातात नव्हती.

पहिल्यांदा ते निघाले तेव्हा निम्मी आळी पोचवायला आली. आमच्याकडे गाडी लांबच्या प्रवासाला निघाली की चाकापुढे नारळ फोडतात. विमानाच्या चाकापर्यंत जाऊ देत नाहीत हे कळल्यावर शेजारच्या काकूंनी तो दारातल्या सामानाच्या ट्रॉलीपुढे फोडला. पहाऱ्यावरच्या जवानाने आधी सगळ्यांना झापलं, मग खोबरं घेतलं. बाबा पिशवी मांडीवर घेऊन काउंटरसमोरच्या खुर्चीत बसले. काउंटर बंद झाला. एकही सीट उरली नव्हती.

मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, “बाबा, आज जमणार नाही.”

“असं नाही,” ते म्हणाले. “बाकी लोकायले सांगतेस तसं सांग.”

मी काउंटरमागे जाऊन उभी राहिले. “क्षमस्व सर, विमान भरलेलं आहे.”

“बरं मॅडम,” ते म्हणाले आणि पिशवी उचलून घरी गेले. उरलेल्या नारळाची रात्री चटणी झाली.

मग हे चालूच राहिलं. महिन्यातून एकदा बाबा इस्त्रीचा सदरा घालून यायचे, बसायचे, माझ्याकडून ‘क्षमस्व’ ऐकून जायचे. वाईट वाटायचं ते मला. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र एक प्रकारचं समाधान असायचं. चहाच्या टपरीवर ते सगळ्यांना सांगायचे, “फुल जाते विमान. माह्या पोरीनं मले बी नाही घेतलं, तुमाले काय घेईन? पैलेच तिकीट काढून ठेवा.” आणि लोक खरंच काढायचे. टाइल्स बसवायला जाणारे, पोरीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या बाया, राईस मिलचे शेठ. कंपनीने गोंदियात लावलेल्या सगळ्या बोर्डांपेक्षा बाबांनी जास्त माणसं आणली. त्यांनी आणलेला प्रत्येक माणूस त्यांच्याच सीटवर बसून गेला. मी त्यांना म्हटलं, निदान आपल्या गावात तरी जाहिरात करू नका. ते म्हणाले, “मंग तुही नोकरी कशी टिकन?”



त्या हिवाळ्यात धुक्याने घात केला. विमान गोंदियावर येऊन घिरट्या घालायचं आणि तसंच परत जायचं. लग्नाला निघालेला माणूस एकदा असा अडकला की त्याचं अख्खं गाव पुन्हा रेल्वेने जायला लागतं. मी रोज ‘क्षमस्व’ म्हणत होते, पण ते ऐकायलाही माणसं कमी यायला लागली. मग वरून मेसेज आला, या मार्गाचा फेरविचार होत आहे. मोठ्या कंपन्या नवराबायकोसारख्या भांडत नाहीत, फेरविचार करतात. महिनाअखेर विमान बंद. आम्ही बाहेर बोलायचं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात मी बाबांना स्वतःहून बोलावलं. काउंटर बंद झाला. मी म्हटलं, “सर, आपल्याला सीट मिळाली आहे.”

ते उठले नाहीत. मागे नजर टाकली. एरवी जिथे बसायला जागा नसायची तिथे खुर्च्याच खुर्च्या रिकाम्या होत्या.

“आज लोकं कुठं गेले?”

“उशिरा येतील,” मी म्हटलं. काउंटर बंद झाल्यावर कोणीच येऊ शकत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी त्यांना वावराच्या बाजूची खिडकी दिली, फुकट. नियमात बसत नव्हतं. आता मला कोण काय करणार होतं?

दारापर्यंत जाऊन ते वळले. “बंद होऊन राहिलं काय?”

मी मानेनेच ‘हो’ म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते गेले. मी मात्र हसत उभी राहिले, कारण मागे अजून दोन प्रवासी होते.

चुलतभावाकडे ते चांगले रमले. परत यायच्या आत विमान बंद झालं होतं, म्हणून रेल्वेने आले. मी त्यांना आणायला गावच्या फाट्यावर गेले, तर टपरीवर लोकांनी त्यांना आधीच घेरलं होतं. एकजण माझ्याकडे बघून म्हणाला, “खालीच जात होतं म्हणतेत विमान. मंग हे काउंटरवर बसून करत काय होती?”

मी तोंड उघडणार होते. या वेळी आधी ‘क्षमस्व’ म्हणणार नव्हते.

“खाली?” बाबा म्हणाले. “पाय ठेवाले जागा नोती. एकच सीट उरली होती, थे मले भेटली. पोरगी नसती तं थे बी भेटली नसती.”

त्यांनी चहा संपवला, पिशवी माझ्याकडे दिली. आम्ही बांधावरून घराकडे निघालो. धान कापून झालेलं होतं. भिंतीपलीकडे धावपट्टीवर कोणी नव्हतं. बराच वेळ चालल्यावर मी विचारलं, “दिसली का आपली बांधी?”

“दिसली ना. पैले ह्या बाजूनं दिसली. मंग विमान वळलं, तं उठून त्या बाजूच्या खिडकीत गेलो, तिकडून बी पाहिली. थे विमानातली बाई ओरडली, बसा म्हणे. मी म्हटलं, कुठं बसू? सारंच आपलं हाय.”

मला रडू आलं. त्यांनी पाहिलं, पण चालायचे थांबले नाहीत.

“वरून लहान दिसते, बाई,” ते म्हणाले. “पण चांगली दिसते.”