सुमनचं अंडं

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. माझी नात सकाळी मुगाचं धिरडं आणि उकडलेलं अंडं खाते आणि दुपारपर्यंत खेळत राहते. स्वयंपाकघराकडे फिरकतही नाही. तिची आई, माझी सुमन, या वयात गुबगुबीत होती. ‘आधीच भोपळा झालाय,’ म्हणत मी तिचं अंडं तिच्या भावाच्या ताटलीत सरकवायचो आणि तिच्यापुढे नुसता चहा-खारी ठेवायचो. दहा वाजता ती चोरून लाडू खायची. मी तिला सगळ्यांदेखत हावरट म्हणायचो. ती भूक मीच लावलेली होती.

आज सुमनने माझ्यापुढे ताटली ठेवली. ‘बाबा, अंडं गार होतंय.’

‘सुमे, तेव्हा माझं चुकलं,’ एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, ‘मीठ दे जरा.’