कानात सांगायचं नाव

बजरंगच्या लेकीसाठी सुनितानं नाव अकरा वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं. तेव्हा लेक कुठली, भावाचं लग्नच नुकतं झालेलं. सुनिताला स्वतःला मूलबाळ नाही. आत्या म्हणून बारशाला पाळण्यावर वाकायचं आणि बाळाच्या कानात नाव सांगायचं, एवढाच तिचा हक्क, आणि त्यावर तिचा फार जीव. देवापुढं दिवा लावताना ती ते नाव मनात घ्यायची. तोंडानं मात्र कुणापाशी काढलं नव्हतं.

लेक झाली ती दिवस भरायच्या आधीच, दीड किलोची. महिनाभर काचेच्या पेटीत राहून उमापूरला घरी आली. बारसं ठरलं आणि त्याच आठवड्यात सुनिताच्या सासरी, पालीला, तिच्या तपासणीचा रिपोर्ट आला.

लघवीची जळजळ तिला नेहमीचीच. मेडिकलमधून चार गोळ्या आणायच्या, दोन घेऊन बरं वाटलं की उरलेल्या शेजारच्या छबुबाईला द्यायच्या. या खेपेला कुठलीच गोळी लागू पडेना. शेवटी सुया घेऊन उतार पडला. पण रिपोर्ट बघून अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंनी तुमच्या आतड्यात बिऱ्हाड केलंय. तुम्हाला आता त्रास नाही, पण ते हाताला लागून दुसऱ्याकडे जातात. एवढ्या नाजूक बाळाजवळ सध्या जाऊ नका."

"निर्जळी एकादशी धरते मी. उपाशी मरतील की."

"तुमच्या आधी ते नाही मरायचे, ताई. फार चिवट. औषधाला न जुमानायची ही विद्या ते नुसती आपल्या पिल्लांनाच देत नाहीत. शेजारच्या, दुसऱ्याच कुळातल्या जंतूलाही चिकटून देऊन टाकतात."

सुनिताच्या मनात आलं, म्हणजे पोटचं नसलं तरी देता येतं. तिला तरी दुसरं काय हवं होतं?

"कवा जातील?"

"उगाच गोळ्या घेऊ नका, कमी होत जातील. महिने लागतील. नक्की सांगता येत नाही."

भावजयीचा, मंजुषाचा, फोन आला. "आक्का, आमी थांबतो. तुमच्याबिगर नाव ठिवायचं न्हाई."

"अन् तवर काय म्हणताल लेकराला?"

"ठकी म्हणतो की."

"मग जलमभर ठकीच ऱ्हाईल ती. उज्ज्वलाला सांगा. चुलत असली म्हणून काय, ती बी आत्याच हाय."

बारशाच्या दिवशी सुनितानं पालीहून उज्ज्वलाला फोन लावला. नाव सांगितलं.

"मोठ्यानं बोल ना आक्का. बायांचा लई गलका हाय इथं."

अगदी कानाशी बोलावं तसं हळू सांगितलं होतं तिनं. पदरानं तोंड पुसून पुन्हा म्हणाली, "राजनंदिनी."

"राजनंदिनी? झ्याक हाय की."

फोन तसाच चालू राहिला. तिकडं उज्ज्वलानं बाळाच्या कानात 'कुर्र' केलं, तिच्या पाठीवर बायांचे धपाटे बसले, ती हसत ओरडली. मग बाळ रडायला लागलं. बारीक आवाज होता. सुनितानं फोन कानाशी आणखी दाबून धरला. तेवढ्यात फोन चालूच असल्याचं तिकडं कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि तो बंद झाला.