पाड्यावरच्या टाकीसाठी मंजुळाचा हात

आमच्या बचत गटात किस्से कुणी मुद्दाम सांगत नाही, ते आपोआप साचतात. पाच-सहा बायका चिकूच्या फोडी करायला बसल्या की हात कामात आणि तोंड मोकळं! फोडी करायच्या, वाळवायच्या, चिप्सची पाकिटं भरायची आणि बोलत राहायचं. पूर्वी विषय असायचे सुना, सासवा, कुणाचं लग्न मोडलं वगैरे. मंजुळा ग्रामपंचायतीत मेंबर झाली, तिनं ते एक मत दिलं, आणि तेव्हापासून दुसरा विषयच राहिला नाही.

मंजुळा म्हणजे आमच्या गटाची अध्यक्ष आणि माझी शेजारीण. नवरा सुरेश, डहाणू स्टेशन ते गाव रिक्षा चालवतो. सासू आक्का, जिला अख्खी आळी टरकून असते. यंदा ग्रामपंचायतीला मंजुळाला आम्हीच उभं केलं. आम्ही म्हणजे आमची खाडीकडची आळी, आणि सगळ्यांच्या पुढे हेमंतभाऊ. भाऊंची मोठी चिकूवाडी आहे आणि त्या वाडीतल्या विहिरीला गोड पाणी आहे. आमच्या घरच्या विहिरी होळी झाली की मचूळ होतात. मग भाऊंची मोटर, भाऊंचा पाइप आणि आळीच्या तोंडाशी एक नळ. या नळाचे भाऊ कधी कुणाकडून काही घेत नाहीत. 'घेतात की, मत घेतात,' असं मी एकदा म्हटलं होतं, तेव्हा बायका खूप हसल्या होत्या.

आता नाही हसत कुणी.

*

पंचायतीची पहिलीच सभा. नळपाणी योजनेत यंदा एकच टाकी मंजूर झालेली. ती आमच्या आळीत देवळामागे बांधायची, की टेकडीवर वारल्यांच्या पाड्यात? जिथे टाकी तिथे आधी नळ. दुसऱ्यांनी पुढच्या योजनेची वाट बघायची, म्हणजे देवाचं नाव घ्यायचं. मेंबर निम्मे इकडे, निम्मे तिकडे. मंजुळाचा हात पडेल तिकडे टाकी जाणार, आणि मंजुळा तर आमची! भाऊंचा पुतण्या दिनेश, चांगला दोन मुलांचा बाप, त्यानं सकाळीच ऑफिससमोर फटाक्यांची माळ अंथरून ठेवली होती.

आम्ही बायका खिडकीशी. आतला पंखा असा खडखडत होता की एक शब्द कळेना. ग्रामसेवकांनी मान वर करून काहीतरी विचारलं. दोन-चार हात वर झाले. मग मंजुळानं हात वर केला.

'केला गं, केला!' मीच ओरडले. दिनेशनं लगेच काडी ओढली.

माळ तडतडायला लागली आणि दारात उभे राहून सभा ऐकणारे हेमंतभाऊ गर्रकन वळले. चेहरा पांढराफटक!

'बंद करा ते! आधी बंद करा!'

पेटलेली माळ बंद कशी करणार? दिनेश चपलेनं फटाके विझवायला गेला आणि एका पायावर नाचत परत आला. धूर विरला तेव्हा मंजुळा पायरीवर उभी होती. तिनं हात वर केला होता तो पाड्याच्या बाजूनं!

रस्त्यापलीकडे पाड्यावरची माणसं ताटकळत उभी होती. टाकी मिळाली त्यांना, आणि फटाके वाजवले आम्ही.

*

दुपारी आळी मंजुळाच्या ओटीवर. मीही होते, आणि खोटं कशाला बोलू, माझंही डोकं फिरलं होतं. उन्हातान्हात हिच्यासाठी घरोघर फिरलो आणि पाणी दुसऱ्याला?

भाऊ आवाज न चढवता बोलले. ते तसे बोलले की जास्त भीती वाटते.

'वहिनी, तुम्हाला निवडून कुणी आणलं?'

'तुम्ही सगळ्यांनी, भाऊ.'

'मग हे काय?'

'प्रचाराला आपण पाड्यावर गेलो होतो. तुम्ही माइकवर म्हणालात, पहिली टाकी पाड्यावर, हा मंजुळाताईंचा शब्द आहे. माझा हात धरून जान्याबाबांच्या हातात दिलात.'

जान्याबाबा म्हणजे पाड्यातलं सगळ्यात जुनं माणूस. ते मान हलवतील तिकडे पाडा जातो.

'अहो, आळीतही आपण म्हटलंच होतं की, पहिली टाकी देवळामागे!'

'आळीला नळ तरी आहे, भाऊ. तिथे बायका ओहोळात खड्डा करतात. वाटीवाटीनं हंडा भरतात. मी बघून आलेय.'

'आळीला नळ आहे? वहिनी, तो माझा नळ आहे!'

तेवढ्यात दिनेशला वाटलं आपण समजूत घालावी. पाय अजून लंगडतच होता त्याचा. म्हणाला, 'वहिनी, प्रचारातलं बोलणं कुणी इतकं मनावर घेतं का?'

मंजुळा त्याच्याकडे वळली. आणि अगदी मनापासून म्हणाली, 'असं होय! मला तसं कुणी सांगितलंच नाही हो.'

*

प्रचारासाठी आमचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, 'मंजुळाताई विजयी होणारच'. त्या संध्याकाळी ग्रुपवर जे सुरू झालं, ते इथे सांगण्यासारखं नाही. गद्दार हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द! आधी दिनेशनं मंजुळाला ग्रुपमधून काढलं. मग सगळ्यांनी मोकळेपणानं शिव्या घातल्या.

घाईत दोन गोष्टी राहून गेल्या. ग्रुपचा फोटो बदलायचा राहिला. त्यामुळे प्रत्येक शिवीच्या वर मंजुळा हात जोडून हसतेय! आणि सुरेशला काढायचं राहिलं. तो बिचारा रिक्षा स्टँडवर बसून स्वतःच्या बायकोविषयी सगळं वाचत होता. सकाळी त्यानं मेसेज टाकला, 'सर्वांना शुभ सकाळ. डहाणू स्टेशनला कुणाला जायचं असल्यास रिक्षा तयार आहे.'

ग्रुपवर दोन दिवस एकही मेसेज आला नाही.

*

रिक्षा मात्र रिकामी जायला लागली. आळीतली माणसं नाक्यावर उभी असायची, सुरेश हळू करायचा, माणसं समुद्राकडे बघायची. नाक्यावरून समुद्र दिसत नाही, ही गोष्ट वेगळी! चिप्सचे चार पैसे सोडले तर त्या घरात दुसरी कमाई नाही. सुरेश बोलायचा नाही, पण त्याचं तोंड दिवसेंदिवस उतरत चाललेलं मला दिसत होतं.

एका दुपारी भास्करमामा नाक्यावर. मामा भाऊंचे जुने कार्यकर्ते, गुडघे गेलेले, ऊन मी म्हणतंय आणि दुसरी गाडी नाही. सुरेशनं रिक्षा थांबवली. मामांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि बसले.

बसल्या बसल्या स्टँडवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, 'सुरेश, मी पाठिंबा म्हणून बसलेलो नाही. गुडघ्यासाठी बसलोय!'

*

चिप्सचं आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे तलासरीच्या पुढे अच्छाडचा एक ढाबा. चेकपोस्टला ट्रक थांबतात, ड्रायव्हर लोक पाकिटं घेतात. ढाब्याचे मालक किरीटभाई. मी आणि मंजुळा सुरेशच्या रिक्षात खोके घालून गेलो. किरीटभाईंनी खोक्यांना हातच लावला नाही.

'बेन, माल तो सारो छे, एकदम चांगला,' ते मान खाजवत म्हणाले, 'पण फोन आव्यो छे. हेमंतभाऊ आपले जुने संबंधवाले. हा फोटो दुकानात नाय चालणार.'

फोटो म्हणजे पाकिटावरचा मंजुळाचा. तिचा चेहरा घरोघरी पोचावा म्हणून निवडणुकीआधी भाऊंनीच ती लेबलं छापून दिली होती! मी उसळले. म्हटलं, चल गं, माल परत ने, गेला उडत तुमचा ढाबा! मंजुळानं माझा दंड धरला. या मालात गटातल्या सगळ्यांचे कष्ट होते. तिनं बाकावर बसून एकेका पाकिटावरचं लेबल नखानं सोलायला घेतलं. स्वतःचाच फोटो! मला बघवेना. शेजारी बसून मीही सोलायला लागले, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते घाम म्हणून पुसत होते.

सगळी पाकिटं कोरी झाल्यावर किरीटभाईंनी एक उचललं, उलटसुलट केलं.

'आता कुणाचे चिप्स म्हणून विकू, बेन?'

'अपक्ष म्हणून विका,' मंजुळा म्हणाली.

*

बाहेरचं एक वेळ सोसवतं. घरात आक्का होत्या. भर आळीत सुनेनं मान खाली घालायला लावली म्हणून आक्कांनी मंजुळाशी अबोला धरला. अबोलाही असा तसा नाही! एकाच स्वयंपाकघरात दोघी, पण निरोप माझ्यामार्फत. आमच्या दोन घरांमध्ये कुडाची एक भिंत आहे तेवढीच.

'शैला, त्या मेंबरबाईंना सांग, गॅसवर दूध आहे.'

मी हात पुसून परसात येणार, कुडाजवळ जाणार, आणि म्हणणार, 'मंजुळा, आक्का म्हणतात गॅसवर दूध आहे.'

पलीकडून मंजुळाचा आवाज, 'वहिनी, आक्कांना सांगा, दूध उतू गेलं.'

आम्ही हसलो त्यावर. पण मंजुळा मला एकदा परसातल्या चुलीपाशी बसून म्हणाली, 'बाकी सगळे बोलले नाहीत तरी चालेल. या बाईनं मला लेकीसारखं वागवलंय. ती बोलत नाही ना, तर घास उतरत नाही.'

*

आणि मग नळ बंद झाला.

सकाळी हंडे घेऊन गेलो तर नळ कोरडा. दिनेश सांगून गेला, 'भाऊंनी मोटर बंद ठेवलीय. मंजुळावहिनीनं पुढच्या सभेत ठराव फिरवून घेते म्हणावं, मोटर लगेच चालू. पाणी का नाही, ते तिला विचारा.'

विचारलं की! प्रत्येकीनं विचारलं. पार हायवेच्या बाजूच्या विहिरीपर्यंत उन्हातून हंडे वाहायचे आणि येताना मंजुळाच्या दारासमोर मुद्दाम थांबून एक शिवी टाकायची. कुणीतरी तिची कळशी रांगेतून उचलून बाजूला फेकली. पोचा आलेली ती कळशी तिनं उचलली आणि पुन्हा शेवटी लावली. आक्का या वयात कडेवर कळशी घेऊन जायच्या, सुनेच्या दहा पावलं पुढे, वळून न बघता.

मीही हात जोडले तिच्यापुढे. 'मंजुळा, फिरव गं तो ठराव! काय अडलंय तुझं?'

'वहिनी, रोज रात्री वाटतं फिरवावा,' ती म्हणाली. 'पण मग जान्याबाबांना काय सांगू? तो हात माझा नव्हता?'

*

सभेच्या आदल्या दिवशी भाऊंनी आळीला देवळाच्या पटांगणात बोलावलं. सगळी आळी आली. बायका एका बाजूला हंडे घेऊनच बसल्या, कारण मोटर चालू झाली तर पहिला नंबर हवा! मंजुळा मध्ये उभी. शेजारी सुरेश, मान खाली. तिच्या आजूबाजूची जागा लोकांनी मोकळी सोडलेली.

भाऊ म्हणाले, 'वहिनी, मी राग ठेवणारा माणूस नाही. एक वाक्य बोला. उद्या ठराव फिरवते म्हणा. तिकडे वाडीत दिनेश मोटरपाशी उभा आहे, इथून फोन केला की पाणी सुरू.'

मंजुळाचे ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणते. खरं सांगते, मला वाटत होतं तिनं म्हणावं.

'नाही जमणार, भाऊ,' ती म्हणाली. इतक्या हळू, की मागच्यांनी एकमेकांना विचारलं, काय म्हणाली?

मग जो आरडाओरडा झाला! 'राजीनामा घ्या!' 'आळीतून काढा!' सुरेश बायकोच्या पुढे येऊन उभा राहिला. भास्करमामासुद्धा गुडघे धरून उठले आणि ओरडायला लागले. भाऊंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि आक्कांकडे वळले.

'आक्का, तुम्ही मोठ्या. तुम्ही तर तिच्याशी बोलणंही सोडलंत. आता तुम्हीच सांगा आळीला, चूक कुणाची?'

आक्का उठल्या. पदर खोचला. त्या मंजुळाजवळून गेल्या, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि थेट भाऊंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

'हेमंत, फोन केलास की पाणी येतं?'

'लगेच, आक्का.'

'आत्ता?'

'आत्ता!'

'आणि बंद झालं ते पण असंच? तुझ्याच फोननं?'

भाऊंच्या हातात मोबाइल तसाच.

आक्का वळल्या, हंडे घेऊन बसलेल्या आम्हा सगळ्या बायकांवरून त्यांची नजर फिरली, आणि त्या म्हणाल्या,

'अगं बाई! मग मी इतके दिवस अबोला भलत्याच माणसाशी धरलाय की!'