गोठलेली नळी

राहीबाई माझ्या मोठ्या जाऊबाई. पारनेर तालुक्यात तीस वर्षं नर्स होत्या. लसीचा डबा खांद्याला लावून वाड्यावस्त्या पायी हिंडल्या, पण एकाही लसीला ऊन लागू दिलं नाही. गाव त्यांना डॉक्टरच्या खालोखाल मानतं.

त्यांचा मुलगा रविराज बत्तिसाव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरने आजारी पडला. नगरच्या डॉक्टरांनी त्याच्या कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला आणि नळीत भरला. तो ओरडला तेव्हा आम्ही दोघी दाराबाहेर होतो. डॉक्टर म्हणाले, "पेशींमधली गुणसूत्रं कुठं तुटून भलतीकडे जोडली गेलीत का, ते पुण्याला बघतील. त्यावर औषध ठरेल. आजच पोचवा, उशीर परवडणार नाही."

एसटीत मी नळी पिशवीत ठेवत होते, ती जाऊबाईंनी हातातून घेतली. "अगं, ऊन किती हाय! मला शिकवती का?" घरून आणलेल्या डब्यात, बर्फाच्या दोन पॅकांमध्ये त्यांनी ती दाबून बसवली. नर्सबाईंपुढे मी काय बोलणार?

सुप्याच्या पुढे मी नळीसोबत दिलेला कागद सहज वाचायला काढला. खाली लिहिलं होतं, नमुना बर्फात ठेवू नये.

जाऊबाईंनी डबा उघडला. नळी आडवी केली तरी आतलं हललं नाही. त्यांनी ती पदराआड छातीशी धरली. "येईल ऊब," म्हणाल्या. शिरूर गेलं, रांजणगाव गेलं. मी मोहटादेवीचं नाव घेत होते, पण मागायचं काय तेच सुचेना.

पुण्याच्या लॅबमधल्या मॅडमनी नळी उजेडात धरली. "गोठली होती ना? पेशी मेल्या असणार. गुणसूत्रं बघायला त्या जिवंत लागतात, इथं वाढवाव्या लागतात. यातून डीएनए काढून एखादी तपासणी करता येईल, पण तेवढ्यावर भागणार नाही. परत काढावं लागेल."

"परत सुई?" जाऊबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "फोन मी करते. नमुना खराब निघाला म्हणते." त्या नको म्हणाल्या. स्वतःच लावला.

"रवी, माझ्या हातानं झालं रे. मी बर्फात ठेवलं."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "उद्या घेऊ दे परत. पण आई, नळी काकूकडं दे. तुझ्या डब्यात मी काय जगायचो न्हाई."

हसला की काय, कळलं नाही. जाऊबाई फोन कानाला लावून तशाच उभ्या होत्या. तो केव्हाच बंद झाला होता.