पान्यांची मोजणी

इथे आखातात, अल क्वोजमधल्या आमच्या गोदामातला चिनी एसी दुरुस्त करायला एक म्हातारा रशियन यायचा. सोव्हिएत काळात तो लढाऊ विमानांचा मेकॅनिक होता. कामाआधी फडक्यावर सगळे पाने मांडून मोजायचा, काम झालं की पुन्हा मोजायचा. एकदा मी वैतागून घाई केलीच. "यल्ला हबीबी, एसी है, प्लेन नहीं!"

इथेच शिकलेल्या हिंदीत तो शांतपणे म्हणाला, "एक पाना अंदर रह गया, तो प्लेन गिरता है."

"और आपका इतना बड़ा देश कैसे गिरा?" मी सहज विचारून गेलो.

त्याचा हात थांबला. "उधर पाना कम था, सबको मालूम था. कागज पे पूरा लिखते थे. साइन मेरा भी था."

मग त्याने पहिल्या पान्यापासून पुन्हा मोजायला घेतलं. मी घाई केली नाही.