दुखणं कळतं का, विचारणारी मैत्रीण

वसतिगृहात माझ्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीइतकी बिनकामाच्या प्रश्नांवर जीव टाकणारी मुलगी अख्ख्या शहादा तालुक्यात झाली नसेल. आम्ही दोघी कापूस वेचणाऱ्यांच्या मुली. वेचणीच्या दिवसांत शाळा बुडायची आणि घरात वाचता येणारं दुसरं कोणी नव्हतं. मी कॉमर्स घेतलं, ते गावाला समजलं. हिनं एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं. तत्त्वज्ञान म्हणजे मनाचं काहीतरी शिक्षण, असं समजून तिच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "पोरी, मन शिकीसन नोकरी लागस का?" आणि वर बजावलं, "यंदा पास व्हयनी नही ते घर ये." घरी म्हणजे लग्नाला, हे तिला न सांगता कळलं.

तिच्या लघुप्रबंधाचा विषय होता, दुसऱ्याचं दुखणं आपल्याला खरंच कळू शकतं का. माझी दाढ ठणकायची तेव्हा लवंग द्यायचं सोडून ती समोर बसायची. "आत्ता दुखतंय ते दाढेत आहे की तुझ्या जाणिवेत?" मी उशी फेकायचे. जेवतानाही तेच चालायचं, तेव्हा खानावळीच्या मावशी म्हणायच्या, "पहिले भाकर खाय वं. मन कोठे पयी जास नही." पण हिचं मन आधीच पळालेलं असायचं.

पुस्तकांनी भागेना म्हणून ती मला घेऊन कळसाडी गावाला गेली. बाया कापसात होत्या. हिनं पुस्तकी मराठीत विचारलं, "तुमचं दुखणं दुसऱ्या कुणाला कळतं का?" झालं. आमच्याकडे वही घेऊन दुखणं विचारणारी बाई म्हणजे आरोग्य शिबिरवाली. पाहता पाहता रांग लागली. कुणी गुडघा दाखवला, कुणी कंबर. एक म्हातारी वैतागली, "गोळी देस, का नुसती इचारी ऱ्हायनी?" मी हसून लोळले. ही मात्र मान खाली घालून सगळं लिहीत होती.

मार्गदर्शक सरांनी ते वाचून कपाळाला हात लावला. "हे तत्त्वज्ञान नाही, हा दवाखाना आहे. काढून टाक." हिनं काढलं नाही. तोंडी परीक्षेला मी दाराबाहेर उभी होते. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "समोरचीला दुखतंय, हे तुला खात्रीनं कसं कळलं?"

ती म्हणाली, "खात्री नाही सर. पण त्या म्हातारीला खाली बसता येईना, तेव्हा शेजारणीनं आपली कापसाची झोळी तिच्याखाली सरकवली. तिनं खात्रीची वाट पाहिली नाही. ती वाट मी एकटीच पाहत होते. माझा प्रबंध त्या फरकाबद्दल आहे."



आता ती पुण्याला पुढचं संशोधन करते. फोन कमी येतो, आणि आला की प्रश्न घेऊनच येतो. मी नंदुरबारला नोकरी करते, आणि इथं मला असलं काही विचारणारं कोणी नाही. त्या परीक्षेत ती प्रथम श्रेणीत पास झाली. त्यांच्या घरातली ती पहिली एम.ए.